बॉटल न लावणाऱ्या मॅडम

“बॉटल! बॉटल कुठं आहे बे? माही माय मरून राहिली अन् तुमी उभे राहून पाहून राहिले? लावा ना बॉटल!”

हे ओरडत होते आमचे सभापती. नाव सांगत नाही, कारण मला अजून याच भागात गाडी चालवायची आहे. फीत कापायची कात्री त्यांच्या हातातच होती आणि ती ते हवेत अशी फिरवत होते की पहिल्या रांगेतले दोन ग्रामसेवक खुर्च्यांसकट मागे सरकले. खाली नव्या सतरंजीवर त्यांची आई, जिला सगळा तालुका ‘माय’ म्हणतो, झटके देत पडली होती. डोळे वर गेलेले, दातखिळी बसलेली, हातपाय थडथडत. एकानं तिच्या नाकाला चप्पल लावली होती, दुसरा तिच्या मुठीत मोटारसायकलची किल्ली कोंबत होता आणि तिसरा कांदा आणायला गेला होता, तो बहुतेक अजून बाजारातच असेल.

तेवढ्यात दुसरा आवाज आला. “चप्पल हटव! किल्ली हटव! तोंडात काही घालशील तर तुलाच भरती करीन! कुशीवर घ्या मायले. अन् सभापतीसाहेब, कात्री खाली!”

कात्री खाली आली. तो आवाज असा होता की हायवेवरच्या रायपूरकडे जाणाऱ्या ट्रकवाल्यानं ब्रेक मारला, आणि तलावावरची सारसांची जोडी उडाली ती थेट बालाघाटात जाऊन बसली, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच.

या आमच्या पाचमिनिटे मॅडम. देवरी तालुक्यात, हायवेला लागून असलेल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टर. मूळच्या गोंदियाच्या, फुलचूरच्या. उंची बेताची, चष्मा जाड, चपला पुरुषी. मी तिथला अँब्युलन्स ड्रायव्हर. मॅडम मला राऊतजी म्हणत, आणि नव्या माणसाशी ओळख करून देताना सांगत, “हे राऊतजी. गाडी खरी चालवतात. यांच्या गोष्टीतून अर्धं वजा करा, उरलेलं अर्धं तपासून घ्या.”

त्यांचं खरं आडनाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. फिट आलेला माणूस आणला की त्यांचा पहिला प्रश्न ‘काय झालं’ हा नसे. “किती वाजता सुरू झालं?” हा असे. आता आमच्या लोकांना वेळ विचारणं म्हणजे म्हशीला पत्ता विचारणं. “बैलं घरी आले तवा.” “सून भांडून माहेरी निघाली तवा.” एक बाई म्हणाली, “टीव्हीत सासू दुधात विष कालवून राहिली होती, तवा.” मॅडम कपाळावर हात मारत. “बाई, पाच मिनिटं झाली का नाही, एवढंच सांग! पाच मिनिटांत झटके आपणहून थांबले तर देवाला नारळ फोड. पाचाच्या वर गेले तर ते सहसा आपणहून थांबत नाहीत, थांबवावे लागतात. चेहरा पाहून रडत बसू नका, घड्याळ पाहा.” हे त्यांनी इतक्या अंगणांत, इतक्या मोठ्यानं सांगितलं की पोरासोरांनी नावच ठेवलं. एकदा कुरियरवाला ‘डॉ. पाचमिनिटे’ नावाचं पार्सल घेऊन आला, तर मॅडमनी त्याच नावानं सही करून ते ठेवून घेतलं.

जंगलातल्या एका गावच्या पुजाऱ्याशी तर त्यांनी रीतसर तह केला होता. “बाबाजी, तुमचा देव तुम्ही बोलवा, मी आड येत नाही. फक्त माणसाला कुशीवर ठेवून बोलवा. अन् देवाला यायला वेळ लागून राहिला तर गाडी बोलवा.” पुजारी शब्दाचा पक्का. मला त्याचा फोन यायचा, “ड्रायवर, देव येऊन गेला, झटके नाही गेले. गाडी आण.” सांगतो, सरकारी शिबिरात प्रशिक्षण घेऊन चहा-बिस्किटं खाल्लेल्या कुणीही मला इतकी नेमकी वर्दी कधी दिली नाही.

मॅडमची दुसरी सवय म्हणजे माणसं तोलायची. फिटचं औषध वजनावर ठरतं, आणि झटके देणाऱ्याला काट्यावर कोण उभं करणार? म्हणून त्यांनी नजरेला काटा लावून घेतला होता. बाजारात, बसमध्ये, मयतीतसुद्धा त्या माणसाकडे पाहत आणि ओठांतल्या ओठांत आकडा म्हणत. एका लग्नात आहेराचं पाकीट देताना नवरदेवाला म्हणाल्या, “अभिनंदन. पंच्याऐंशी.” तो बिचारा हनिमूनला जाऊन आला तरी विचार करत होता. राइस मिलवाल्यांचा तांदळाच्या कट्ट्याच्या, म्हणजे पोत्याच्या, वजनावरून वाद झाला की ते मॅडमला पंच म्हणून बोलावतात, अशी अफवा गोंदियापर्यंत गेली होती. ती मी पसरवली नव्हती. फक्त मोठी केली होती.

आणि त्यांचा फ्रीज! फिट थांबवायची पहिली सुई, लोराझेपाम, थंडाव्यात ठेवावी लागते. मॅडम येण्याआधी आमच्या फ्रीजमध्ये औषध सोडून सगळं नांदत होतं. क्लार्कचं ताक, सिस्टरची मेथी, आणि माझे झिंगे, जे मी देवरीच्या बाजारातून घासाघीस करून आणले होते. मॅडमनी पहिल्याच दिवशी दार उघडलं आणि खिडकीपण उघडली. माझे झिंगे त्या दिवशी विमानानं गेले. रिकाम्या फ्रीजमध्ये औषध बसलं, आणि शेजारच्या कपाटात एक लाल टिफिन आला. त्यात सिरिंजा, सुया, साखर तपासायचं यंत्र, बाकीची औषधं. “हा फिटचा डबा. याला कुलूप नाही. अन् यात कोणी पोळी-भाजी ठेवली तर त्याच्याच पोटात हा डबा जाईल.”

औषध कोणतं किती वेगानं द्यायचं, हे त्यांनी सिस्टरला शिकवलं ते माझ्या धंद्यावरून. मी दारात उभा होतो म्हणून मलाच धरलं.

“राऊतजी, तुम्ही सगळ्या रस्त्यावर एकाच वेगानं गाडी चालवता?”

“नाही जी. वळणावर हळू, हायवेवर मोकळी.”

“मग औषधं काऊन सगळी एकाच वेगानं देतात लोक?”

आणि मग त्यांनी सांगितलं ते असं. जुनं फेनिटोइन म्हणजे धानानं शिगोशीग भरलेली बैलगाडी. पिटाळली की उलटते, आणि उलटते ती थेट काळजावर. बीपी पडतं, ठोका चुकतो. म्हणून ती हळूच हाकायची, नाडीवरचं बोट न काढता, आणि साध्या सलाईनच्या रस्त्यानंच. ग्लुकोजच्या रस्त्यावर घातली की नळीत दही लागतं. पण नवं आलं आहे ते लेव्हेटिरासिटाम. (हे नाव नीट उच्चारून होईपर्यंत अर्धे पेशंट शुद्धीवर येतात.) हा हायवे. वजन पाहून डोस काढायचा, सिरिंजमध्ये घ्यायचा आणि हातानंच, पाचेक मिनिटांत, शिरेत द्यायचा. मोठ्या दवाखान्यांत असं देऊन पाहिलेलं आहे, सोसतं. बॉटलमध्ये कालवून, स्टँड शोधून, थेंब मोजत बसायची गरज नाही. तेवढ्या वेळात मेंदू भाजतो.

“पण हायवे आहे म्हणून डोळे मिटून नाही चालवायचं,” सिस्टरकडे बोट करून त्या म्हणाल्या. “श्वास पाहायचा, ऑक्सिजन पाहायचा, बीपी पाहायचं. घाई वेगळी अन् लवकर वेगळं. घाई करणारा घड्याळ पाहत नाही. लवकर करणारा पाहतो.”

एवढी चांगली गोष्ट आणि आमच्या भागात तिचा एकच दोष: तिच्यात बॉटल नाही.

आमच्याकडे आजाराची इज्जत बॉटलवर ठरते. बॉटल म्हणजे सलाईन. गोळी दिली तर माणसाला काही झालंच नव्हतं. सुई दिली तर थोडंसं झालं होतं. बॉटल लावली की मग तो खरा आजारी. पाहुणे येतात, नारळ येतात, रुसलेला जावई येतो. दोन बॉटला लागल्या की जमिनीच्या वाटणीत भाऊ नरमतो. सभापतींना हे कुणीही शिकवायची गरज नव्हती. जिल्हा परिषदेची निवडणूक डोक्यावर आली तेव्हा त्यांनी आमच्या रुग्णालयाला बॉटल टांगायचे स्टँड भेट दिले. चकचकीत, चाकांचे, आणि प्रत्येकाच्या दांड्यावर लाल रंगात त्यांचं नाव, वरून खाली, म्हणजे पेशंट झोपल्या झोपल्या वाचेल. त्याच स्टँडांचा तो लोकार्पण सोहळा होता. फीत मायच्या हस्ते कापायची होती. मायला मिरगीचा जुना त्रास, त्यात गोळ्या गरम पडतात म्हणून तिनं त्या परस्पर बंद केलेल्या. कात्री हातात द्यायला आणि माय कोसळायला एकच गाठ पडली.

तर मॅडम गुडघ्यावर बसल्या आणि विचारलं, “किती वाजता सुरू झालं?”

आणि त्यांच्या अख्ख्या नोकरीत पहिल्यांदा बरोबर उत्तर मिळालं. सोहळ्याचं शूटिंग करायला आलेला वार्ताहर म्हणाला, “मॅडम, पाच मिनिटं होऊन राहिले. व्हिडिओवर दिसते ना.”

“शाबास. तो बंद कर अन् पंखा इकडं फिरव. सिस्टर, डबा! अठ्ठेचाळीस!” हे शेवटचं मायकडे पाहून.

सिस्टरनं मायच्या बोटाला टोचून साखर पाहिली, नाकाशी ऑक्सिजन लावला, शीर धरली. मॅडमनी पहिली सुई दिली, सावकाश, मायच्या छातीकडे पाहत. हातपाय सैल पडले. मांडवानं श्वास सोडला आणि माय पुन्हा थडथडायला लागली. मॅडमनी तीच सुई आणखी एकदा दिली आणि लगेच हातात मोठी सिरिंज घेतली, ती हायवेवाली.

सभापतींनी तोवर एक स्टँड ढकलत आणला होता. त्याला झेंडूचा हार होता. “मॅडम, ह्याले लावा ना बॉटल! नवा आहे!”

“साहेब, मी औषध देऊन राहिली, तोरण नाही बांधून राहिली. बाजूला व्हा.”

त्या सिरिंज ढकलत होत्या आणि सिस्टर मोठ्यानं सांगत होती, श्वास ठीक, ऑक्सिजन ठीक, बीपी ठीक. मी पाहत होतो तो मॅडमचा अंगठा. मी पंचवीस टनाचा ट्रक घाटात उतरवला आहे (बरं, मिनी ट्रक), पण इतका एकसारखा दाब मला ब्रेकवर कधी जमला नाही. सिरिंज संपली. माय शांत झाली. मग घोरली. इतकं सुरेल घोरणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि सभापती जमिनीवर बसून लहान पोरासारखे रडले, हे मी वजाबाकी न करता सांगतो.

संध्याकाळी माय उठली आणि म्हणाली, “फीत कापली का बे?” मग चहा मागितला.

इथपर्यंत सगळं छान होतं. बिघडलं ते पुढे. ‘सभापतीची माय गेली-गेली’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरल्यामुळे ट्रॅक्टर भरभरून माणसं भेटायला आली. आली ती पाहतात तर माय पलंगावर मांडी घालून मुरमुरे खाते आहे.

“बॉटल नाही लावली का वं तुले?” एका म्हातारीनं विचारलं.

“नाही वं. सुई देल्ली म्हणतेत.”

“एवढीशीच?” म्हातारीनं नारळ पुन्हा पिशवीत टाकला. “मंग काहीच नव्हतं झालं तुले.”

झालं. दुसऱ्या दिवशी चौकात विरोधी पार्टीवाले बोलायला लागले की सभापतीच्या मायनं नाटक केलं, इलेक्शन आलं ना. वर हे की सभापतीनं स्टँड दिले, पण डॉक्टरनं त्याच्याच मायले त्या लायकीचं नाही समजलं. आईचा जीव वाचल्याचा आनंद सभापतींना रात्रभर पुरला. सकाळी चौकातून आल्यावर तो संपला होता.

तक्रार लिहिली त्यांच्या भाच्यानं, जो मेडिकल स्टोअरच्या काउंटरमागे मोबाईल वाचतो. मुद्दे दोन. एक, बॉटल व स्टँड उपलब्ध असताना हेतुपुरस्सर लावले नाही. दोन, फिटचे औषध जलद दिल्यास हृदय बंद पडते हे माहीत असूनही जलद दिले. मॅडमनी ती वाचली आणि खूश झाल्या. “दुसरा मुद्दा चांगला आहे. फक्त औषध दुसरं आहे, बैलगाडीचा कायदा हायवेला लावला. पोरगा वाचते तं. पाठवा माझ्याकडे, शिकवीन.”

चौकशीला गोंदियाहून एक साहेब आले. तेही डॉक्टरच, पण खुर्चीचे. शेवटची सुई त्यांनी बहुधा स्वतःच्या लग्नाआधी धरली असावी. मला साक्षीला बसवलं होतं. मॅडमनी सगळं सांगितलं. कोणतं औषध, किती, कशात, किती वेळात, काय काय तपासत. साहेब मान डोलवत राहिले.

“मॅडम, तुमचं वैद्यकीयदृष्ट्या काहीच चुकलं नाही.”

“मग संपलं.”

“संपलं कसं? लोकभावना आहे ना. अहो, नुसती एखादी बॉटल टांगून ठेवली असती...”

“टांगायची अन् जोडायची नाही?”

“जोडली तरी चालेल. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की यापुढे फिटच्या प्रत्येक रुग्णाला प्रथम बॉटल लावण्यात येईल. मी प्रकरण इथंच मिटवतो. तुम्ही इथंच राहा.”

मला वाटलं, लिहून टाका ना मॅडम, एक ओळ तर आहे. मॅडमनी पेन उचललंही. मग म्हणाल्या, “साहेब, मी हे लिहिलं तर माझ्या मागं सिस्टर आधी बॉटल शोधेल. मग स्टँड. मग स्टँडचं चाक अडकेल. तवरिक कोणाचं तरी लेकरू झटके देत राहील, अन् सगळं नियमात असेल.” आणि त्यांनी पेन साहेबांच्याच खिशाला लावून दिलं.

“विचार करा मॅडम. बदली होईल.”

“माझं वजन जास्त नाही,” मॅडम म्हणाल्या. “कुठंही हलवता येते.”

बदली झाली. प्रशासकीय कारणास्तव, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. निरोप समारंभ मात्र असा झाला की विचारू नका. सभापती स्वतः आले. शाल, श्रीफळ, आणि भाषण: “मॅडमनी माह्या मायचा जीव वाचवला. असे डॉक्टर देव पाठवते.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनीही वाजवल्या. भाषण लांबत गेलं तशी त्यांची नजर सभापतींच्या पोटावरून फिरली आणि त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, “एकशे बारा. बीपी तपासून घ्या म्हणावं.”

सामान माझ्या साळ्याच्या पिकअपमध्ये भरलं. गादी, पुस्तकं, एक कुकर. पिकअप सुरू झाली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूर फार सोडते ती गाडी. सिस्टरला त्यांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. दोघी फिटच्या कपाटापाशी उभ्या होत्या आणि सिस्टर नुसती मान हलवत होती.

पुढच्याच आठवड्यात पुजाऱ्याचा फोन आला. मी एक सात-आठ वर्षांची पोर आणली, वाटभर झटके देत. नवे डॉक्टर तरुण, तक्रारीची गोष्ट ऐकून आलेले. ते म्हणाले, “आधी बॉटल टांगू या का, सिस्टर?” सिस्टरनं पोरीकडे पाहिलं, म्हणाली, “बावीस किलो, सर. डोस सांगा, मी भरते.” त्यांनी सांगितला. पोर त्या दुपारी वाचली. बॉटल न लावल्याची तक्रार बापानं केली नाही, कारण तो कोणाचाच सभापती नव्हता. स्टँडांवर आता पावसाळ्यात स्टाफचे रेनकोट वाळतात. नाव अजून वाचता येतं.

आणि दर महिन्याला एक पांढरी गाडी आमच्या रुग्णालयासमोरून जाते, न थांबता. मागच्या सीटवर माय बसलेली असते. एकदा डिझेल भरायला ती पंपावर थांबली, मीही तिथंच होतो. मायनं काचेतून हात हलवला. तब्येत ठणठणीत. म्हणाली, “मॅडमकडे चाललो. गोळ्या तिच्याच हातच्या लागतेत मले.”

मी वाकून पुढच्या सीटवर पाहिलं. सभापती होते, स्वतः. निवडणूक ते जिंकले होते.

“साहेब,” मी म्हणालो, “मॅडमले तुमीच इथून हाकललं ना जी. आता एवढं डिझेल जाळून मायले तिकडंच कायले नेता?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, लाजही नव्हती. काच वर करता करता म्हणाले,

“मंग? माय माही आहे.”